एकाच ग्लुकोजची भाकरी आणि चादर

मोहोळ तालुक्यातल्या एका गावाहून रोज एसटीने सोलापूरला कॉलेजला येणाऱ्या अकरावीच्या मुलीने विचारलंय: "मॅडम, सेंद्रिय रसायनशास्त्र सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. पाठ केलेलं दोन दिवसांत विसरते. कार्बनला चार बंध असतात हे कळलं, पण सिलिकॉनलाही चारच असतात ना? मग सगळी सजीवसृष्टी कार्बनवरच का? आणि जीवशास्त्रात कर्बोदके, प्रथिने, मेद शिकवतात, रसायनशास्त्रात अल्कोहोल, आल्डिहाइड. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय?"

बाळ, तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. तो सुटला की पाठांतराचा त्रास आपोआप निम्मा होतो. मी २७ वर्षं हा विषय शिकवतेय. त्याआधी दोन गळीत हंगाम एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढले, आणि लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात गेलं. म्हणून मी तुला भाकरी, साखर आणि चादर यांच्यावरूनच सांगते. तिन्ही तुझ्या घरात आहेत आणि तिन्ही निव्वळ सेंद्रिय रसायनशास्त्र आहे.

आधी 'सेंद्रिय' या शब्दाचा गुंता सोडवू, कारण मराठीत तो शब्द आपल्याला चकवतो. तुमच्या शेतात युरियाचं पोतं आलं की घरात म्हणतात, हे रासायनिक खत, सेंद्रिय नव्हे. शेतीच्या भाषेत ते बरोबरच आहे. पण रसायनशास्त्रात युरिया हे सेंद्रिय संयुग आहे, आणि साधंसुधं नाही, त्याने इतिहास घडवलाय. १८२८ पर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ मानत की सजीवांच्या शरीरातले पदार्थ घडायला एक खास 'जीवनशक्ती' लागते, ते काचेच्या भांड्यात बनणार नाहीत. त्या वर्षी फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेट या असेंद्रिय समजल्या जाणाऱ्या क्षारापासून युरिया मिळवला. मूत्रात सापडतो तोच युरिया, कणाचाही फरक नाही. जीवनशक्तीची कल्पना एका दिवसात गेली नाही, पण तिला तडा गेला तो इथे. तेव्हापासून सेंद्रिय म्हणजे 'सजीवांतून आलेलं' हा अर्थ मागे पडत गेला आणि 'कार्बनची संयुगं' हा अर्थ उरला. कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेट अशी काही संयुगं परंपरेने असेंद्रियात धरतात, तेवढा अपवाद लक्षात ठेव.

आता सिलिकॉन. तुझी शंका अगदी रास्त आहे. दोघेही आवर्तसारणीत एकाच गणात, वरखाली बसलेले. बाहेरच्या कक्षेत दोघांचेही चार इलेक्ट्रॉन. शिवाय पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे, आणि कार्बन एक टक्क्याचा दहावा हिस्साही नाही. निवड मुबलकतेवर झाली असती तर सिलिकॉनच जिंकला असता.

फरक बंधांच्या ताकदीत आहे. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४८ किलोज्यूल ऊर्जा लागते. कार्बन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ३५८. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे आजूबाजूला ऑक्सिजन असला तरी कार्बनची साखळी लगेच सुटत नाही. ठिणगी, उष्णता किंवा विकर (एन्झाइम) मिळाल्याशिवाय ती टिकून राहते. सिलिकॉनचं बघ: सिलिकॉन-सिलिकॉन बंध सुमारे २२६, आणि सिलिकॉन-ऑक्सिजन बंध सुमारे ४५२, म्हणजे दुप्पट. सिलिकॉनला ऑक्सिजन दिसला की तो आपल्या भावंडाचा हात सोडून ऑक्सिजनचा धरणारच, आणि एकदा धरला की सहसा सोडत नाही. मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला मुख्य वायू, हवेत निवांत राहतो, पेटवावा लागतो. त्याचाच सिलिकॉनी भाऊ सिलेन हवा लागताच आपोआप पेट घेतो.

दुसरं, दोघांची 'राख' बघ. कार्बन पूर्ण जळाला की कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू आहे, पाण्यात विरघळतो, श्वासातून बाहेर जातो, पानातून आत येतो. सिलिकॉनचा होतो सिलिका, म्हणजे वाळू. आपल्या भागातला काळा पाषाण बेसॉल्टचा, आणि बेसॉल्ट म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चौकटीत धातू अडकलेले. सिलिकॉन पाषाणात जातो आणि तिथेच बसतो. ज्वारीच्या किंवा उसाच्या पात्याने हात कापतो ना, त्या कडेच्या कडकपणातही सिलिका असते. म्हणजे झाडं सिलिकॉन वापरतात, पण दगड म्हणून. जगण्याच्या घडामोडींत मात्र जो अणू घट्ट धरतो आणि वेळ आली की सोडतोही, तोच कामाचा. या मधल्या ताकदीमुळे कार्बन चालतो. 'कार्बनला चार बंध असतात' एवढंच लिहून थांबलीस तर उत्तर अर्धं राहतं.

शिवाय कार्बन लहान आहे, त्यामुळे शेजाऱ्याशी दुहेरी, तिहेरी बंध सहज करतो. साखळी, फांद्या, वलय, काहीही जमतं. आपण या गुणाला शृंखलाबंधन म्हणतो. याची व्याप्ती एका आकड्यात सांगते. अल्केन म्हणजे फक्त एकेरी बंधांचं कार्बन-हायड्रोजन संयुग, आणि समघटक म्हणजे सूत्र एकच पण रचना वेगळी असलेली संयुगं. चार कार्बनच्या अल्केनचे समघटक २, दहा कार्बनच्या अल्केनचे ७५, आणि वीस कार्बनच्या अल्केनचे ३,६६,३१९. कार्बन आणि हायड्रोजन सोडून तिसरा अणू अजून आलेलाच नाही!

आता वहीतल्या आकृतीबद्दल. तू कार्बन काढतेस तो अधिकचिन्हासारखा, चार हात चार दिशांना, कागदावर सपाट. पेपरात लिहायला ठीक आहे, पण डोक्यात तसा ठेवू नकोस. १८७४ मध्ये बावीस वर्षांच्या फान्ट हॉफ यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे ल बेल यांनी मांडलं की कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या, चार टोकांकडे जातात. त्यांच्यातला कोन १०९.५ अंश. हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. लहानपणी ज्वारीच्या ताटाची बैलगाडी केली असशील. तसाच आतला पांढरा भेंड घे, गोट्या कर, सालीच्या काड्या खोच. एका गोटीला चार काड्या अशा लाव की कुठल्याही तीन काड्यांवर ती टेबलावर उभी राहील. टोकांना चार वेगळी धान्यं लाव: ज्वारी, हरभरा, मूग, शेंगदाणा. मग हिची आरशातली प्रतिमा म्हणून दुसरी गोटी कर. दोन्ही कितीही फिरव, एकमेकींवर तंतोतंत बसणार नाहीत. उजवा आणि डावा हात जसे. माझ्या वर्गात दरवर्षी हे करताना दहा-पंधरा मिनिटं कुणी बोलत नाही. आणि त्यानंतर समघटकता पुन्हा शिकवावी लागत नाही.

हा डावा-उजवा भेद म्हणजे पुस्तकातली करामत नव्हे. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत गळीत हंगामात तो रोज मोजला जातो. मी तिथे होते तेव्हा उसाचा रस गाळून, लेड सबॲसिटेटने स्वच्छ करून पोलारीमीटरच्या नळीत भरायचो. त्या यंत्रात ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश सोडतात. साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, रेणू त्या प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतो. किती वळलं त्यावरून रसात साखर किती ते कळतं. कारखान्याच्या भाषेत तो 'पोल'. रसातले एकूण विरघळलेले घन पदार्थ म्हणजे 'ब्रिक्स'. दोन्हींच्या प्रमाणावरून 'प्युरिटी' काढायची.

एकदा गाळप बंद पडलं आणि तोडलेला ऊस तीन दिवस यार्डात ट्रॉल्यांमध्ये उन्हात उभा राहिला. चौथ्या दिवशी मी नमुना लावला तर ब्रिक्स नेहमीपेक्षा जरा जास्तच होता, पण पोल खाली आला होता. मला वाटलं नळी नीट धुतली गेली नाही. पुन्हा केलं, तेच. मग आमच्या वरिष्ठांनी कागदावर समीकरण लिहून दाखवलं. ऊस सुकल्याने पाणी कमी झालं, म्हणून ब्रिक्स चढला. पण आतल्या विकराने सुक्रोजचा रेणू पाण्याच्या एका रेणूने फोडला होता. त्यातून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज निघाला. ग्लुकोजही प्रकाश उजवीकडेच वळवतो, पण फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे. सुक्रोजचं विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश, आणि ते पूर्ण फुटलं की मिश्रणाचं साधारण उणे २०. उजवं उलटून डावं होतं, म्हणून त्या क्रियेला इन्व्हर्शन म्हणतात. कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाची साखर त्या तीन दिवसांत गेली होती, आणि ती गेली हे कळलं ते कार्बनच्या हातांच्या मांडणीमुळे. तोडलेला ऊस लवकरात लवकर गाळपाला जावा असा आग्रह का धरतात, ते यावरून तुझ्या लक्षात येईल.

आता ग्लुकोज आणि फ्रुक्टोज समोरासमोर ठेव. दोघांचं रेणुसूत्र एकच: सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. मग फरक काय? ग्लुकोजच्या साखळीच्या टोकाला आल्डिहाइड गट आहे, फ्रुक्टोजमध्ये दुसऱ्या कार्बनवर कीटोन गट आहे. बाकीचे सगळे अल्कोहोलचे ओएच गट. म्हणजे रसायनशास्त्राच्या तासाला तू ज्याला आल्डिहाइड आणि अल्कोहोल म्हणतेस, तेच जीवशास्त्राच्या तासाला कर्बोदक म्हणून येतं. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हेच. तेल, तूप म्हणजे ग्लिसरॉल या अल्कोहोलची मेदाम्लांशी झालेली एस्टरं (अल्कोहोल आणि आम्ल जोडून होणारी संयुगं). अमिनो आम्लात एकाच कार्बनवर अमाइन आणि कार्बोक्सिलिक आम्ल असे दोन गट बसलेले. प्रथिनांतला पेप्टाइड बंध म्हणजे अमाइडच, आम्ल आणि अमाइन जोडून होणारा गट. डीएनएचा कणा म्हणजे शर्करेची फॉस्फेट एस्टरं, आणि त्यावर नायट्रोजनयुक्त वलयं. दोन वह्या करू नकोस. डाव्या पानावर क्रियात्मक गट (आल्डिहाइड, अल्कोहोल असे रेणूचे गुण ठरवणारे गट) आणि उजव्या पानावर तो गट शरीरात कुठे भेटतो, अशी एकच वही कर.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

ज्वारीची भाकरी आणि सोलापुरी चादर, दोन्ही मुख्यतः ग्लुकोजच्या आहेत. भाकरीत स्टार्च, म्हणजे पिष्ट. चादरीच्या सुतात सेल्युलोज. दोन्ही बहुवारिकं, म्हणजे एकच छोटा रेणू पुन्हा पुन्हा जोडून झालेल्या साखळ्या, आणि दोन्हींचा तो छोटा रेणू, म्हणजे एकवारिक, ग्लुकोज. दोन्हींत एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनला ऑक्सिजनमार्फत जोडलेला. मग एक आपण खातो आणि दुसरी पांघरतो, असं का?

ग्लुकोज पाण्यात बहुतेक वेळ वलयाच्या रूपात असतो. वलय मिटताना पहिल्या कार्बनवरचा ओएच गट खाली राहिला तर अल्फा, वर राहिला तर बीटा. बस, एवढाच फरक. अल्फा जोडणीने साखळी वळत जाते, जिन्यासारखी गुंडाळते. तो झाला स्टार्च. त्या वेटोळ्यात पाणी शिरतं, विकर शिरतं, आयोडीनही शिरतं. बीटा जोडणीत मात्र प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्याच्या मानाने उलटं बसतं, त्यामुळे साखळी सरळ राहते. हजारो ग्लुकोजच्या अशा सरळ साखळ्या शेजारी-शेजारी आल्या की हायड्रोजन बंधांनी एकमेकींना चिकटतात. ताणून विणलेल्या ताण्यासारखी ही रचना पाण्यातही विरघळत नाही. म्हणूनच चादर शंभर वेळा धुतली तरी चादरच राहते.

आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर अल्फा जोडणी तोडतं. कडक भाकरीचा तुकडा कोरडाच, काहीही न लावता, दोन मिनिटं चावून बघ. हळूहळू गोडसर लागेल, कारण तोंडातच स्टार्चचं माल्टोज व्हायला लागतं. सेल्युलोजमधली बीटा जोडणी तोडणारं विकर आपल्याकडे नाही. गाई-म्हशींकडेही स्वतःचं नाही, पण त्यांच्या पोटात ते बनवणारे सूक्ष्मजीव आहेत. म्हणून ज्वारीच्या एकाच ताटाचं कणीस आपल्याला आणि कडबा जनावराला. आपल्या पूर्वजांनी ही वाटणी रसायनशास्त्र न शिकता केली, पण तिच्या मुळाशी एका ओएच गटाची दिशा आहे.

हुरड्याचंही तसंच. गूळभेंडीचा हुरडा गोड लागतो, पण महिन्याभराने त्याच कणसाचे वाळलेले दाणे चावले तर गोडी नसते. कोवळ्या दाण्यात शर्करा सुट्या असतात. दाणा भरत जातो तशा त्या एकमेकींना जोडून त्यांचा स्टार्च होतो. झाडालाही ते सोयीचं, कारण सुटी साखर पाणी ओढून घेते, स्टार्चचे कण गुपचूप साठून राहतात. आणि हा सगळा कार्बन जमिनीतून आलेला नाही बरं. हवेतला, जेमतेम ०.०४ टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड पानांनी वेचून केलेला आहे.

मेदांचं थोडक्यात. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणून उखळात कुटलेली शेंगाचटणी तेल सोडते. त्यातल्या ओलिक आम्लाची साखळी १८ कार्बनची, आणि मधोमध एक दुहेरी बंध. त्या जागी साखळीला बाक येतो, रेणू एकमेकांशेजारी नीट रचले जात नाहीत, म्हणून शेंगतेल थंडीतही पातळ. खोबरेल तेलात बहुतेक साखळ्या संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, सरळ, म्हणून डिसेंबरच्या सकाळी बाटलीत गोठलेलं. बाक देणारा तोच दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनलाही वाट देतो, आणि चटणी खवट होते.

प्रथिनांसाठी माझ्या वडिलांची परीक्षा सांगते. सुतात भेसळ आहे का हे बघायला ते एक धागा काडीने पेटवायचे आणि वास घ्यायचे. कापूस असेल तर जळक्या कागदाचा वास, हलकी करडी राख. पॉलिस्टर असेल तर वितळून काळा, कडक मणी. लोकर असेल तर केस जळल्याचा वास. लोकर आणि केस दोन्ही केराटिन, म्हणजे प्रथिन, आणि त्यात नायट्रोजनबरोबर गंधकही. वडील सातवी शिकलेले. त्यांना गट माहीत नव्हते, पण त्यांचं नाक बरोबर सांगायचं. प्रथिनांच्या साखळीला कुठे किती वळता येतं याचा नकाशा मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडला. तो आजही जगभर 'रामचंद्रन आलेख' म्हणूनच वापरतात. बारावीत कुणी शिकवलं नाही तरी तू तो शोधून बघ.

नामकरणाचे नियम तेवढे सराव करूनच बसतात, रोज पाच संयुगं लिही. त्यात समजून घेण्यासारखं थोडंच आहे.

शेवटी एक प्रयोग देते, तो या आठवड्यात कर. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पातळ आयोडीनचं द्रावण माग. भाकरीच्या तुकड्यावर एक थेंब टाक, निळं-काळं होईल. मग मागावरच्या ताण्याचं कोरं सूत मिळव आणि त्यावरही टाक. तू म्हणशील, हे तर सेल्युलोज, रंग बदलणार नाही. पण सूत निळं पडलं तर घाबरू नकोस, पुस्तक चुकलेलं नाही. ताण्याचा धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला सायझिंगमध्ये खळ देतात, आणि ती खळ बहुतेक वेळा स्टार्चचीच असते. विणून झाल्यावर ती काढायला प्रोसेस हाऊसमध्ये कापड अमायलेजच्या कोमट पाण्यात ठेवतात. तुझ्या लाळेत आहे त्याच जातीचं विकर. ते खळीतले अल्फा बंध एकेक करून तोडतं, खळ विरघळून वाहून जाते, आणि तिला चिकटून असलेल्या सुताच्या बीटा बंधांना हातही लावत नाही. त्या धुतलेल्या कापडाचा एक धागा घे, त्यावर पुन्हा आयोडीन टाक, आणि कुठला रंग दिसतो ते मला लिहून कळव.